मूळ साच्याला हात लावताना

२०२५ची अनंत चतुर्दशी ६ सप्टेंबरला होती. बाप्पांना निरोप देऊन दोन दिवस होतात न होतात तोच, सोमवारी ८ सप्टेंबरला, जगभरातल्या वेब डेव्हलपर मंडळींची धावपळ उडाली. जावास्क्रिप्टच्या तयार पॅकेजेसचं सगळ्यात मोठं कोठार म्हणजे ‘एनपीएम’. तिथल्या ‘चॉक’, ‘डीबग’ आणि आणखी काही अशा १८ पॅकेजेसच्या नव्या आवृत्त्यांमध्ये कुणीतरी चोरटा कोड घुसवला होता. ही १८ पॅकेजेस मिळून आठवड्याला दोन अब्जांहून जास्त वेळा डाउनलोड होतात. आणि ती करतात काय? चॉक टर्मिनलमधल्या अक्षरांना रंग देतं. डीबग मेसेज नीट छापतं. म्हणजे ज्यांना आपण ‘युटिलिटी’ म्हणतो, तशी बारीकसारीक कामाची हत्यारं.

चोरी झाली ती एका ईमेलमुळे. पॅकेजेस सांभाळणाऱ्या डेव्हलपरला एनपीएमच्या नावाने मेल आला, ‘टू-फॅक्टर अपडेट करा’. पत्त्यात ‘डॉट कॉम’ऐवजी ‘डॉट हेल्प’ होतं, ते नजरेतून सुटलं आणि खातं गेलं. सुमारे दोन तासांत भेसळीच्या आवृत्त्या हटवल्या गेल्या, चोरांच्या हाती फार थोडी रक्कम लागली. बातम्या इथेच संपल्या. पण आपल्यासारख्या, म्हणजे पुढच्या सेमिस्टरला वेब टेक्नॉलॉजीचा प्रोजेक्ट सबमिट करायचा असलेल्या लोकांसाठी, खरी गोष्ट वेगळीच आहे. त्या कोडने ब्राउझरमध्ये शिरल्यावर सगळ्यात आधी काय केलं? ब्राउझरमध्ये जन्मापासून असलेलं ‘फेच’ हे फंक्शन बाजूला सारलं आणि त्याच्या जागी स्वतःचं फंक्शन बसवलं. ‘एक्सएमएलएचटीटीपीरिक्वेस्ट’चंही तेच केलं. पेजवरचा बाकी कोड निवांतपणे ‘फेच’ला हाक मारत राहिला आणि ओ देणारा मात्र भलताच होता. जाणाऱ्या-येणाऱ्या मजकुरात क्रिप्टो वॉलेटचा पत्ता दिसला की तो चोरांच्या पत्त्याने बदलला जायचा.

ही युक्ती चोरांनी शोधलेली नाही. भाषेच्या किंवा ब्राउझरच्या मूळ गोष्टींमध्ये चालू प्रोग्रॅममधूनच भर घालायची किंवा त्या बदलायच्या, याला प्रोग्रॅमिंगच्या जगात ‘मंकी पॅचिंग’ म्हणतात आणि वीस वर्षं कित्येक सज्जन लायब्ररींनी ते उघडपणे, कौतुकाने केलंय. ते चांगलं की वाईट, यावरचं भांडणही तितकंच जुनं आहे. सप्टेंबरनंतर त्याला नवी धार आली, एवढंच.

जोह्याच्या कारखान्यातून

विषय डोक्यात नीट बसायला पेण तालुक्यात जाऊ. दिवा-रोहा गाडीने पेणच्या अलीकडे हमरापूर लागतं. हमरापूर, जोहे, तांबडशेत, कळवे या पट्ट्यात वर्षभर गणपतीच घडत असतात. गावात शिरलात तर घरांच्या पडव्यांत, शेडमध्ये, माळ्यावर पांढऱ्या कच्च्या मूर्तींच्या रांगाच रांगा. इथे प्रत्येक मूर्ती कुणी मातीच्या गोळ्यापासून सुरू करत नाही. आधी एक नमुना घडतो. त्यावरून रबरी साचा. साच्यातून मूर्ती. मग हात, सोंड, दागिन्यांची साफसफाई, रंग, आणि शेवटी डोळ्यांची आखणी.

आता समजा एखाद्या गिऱ्हाइकाला गणपतीच्या डोक्यावर पेशवाई पगडी हवी आहे. दोन मार्ग आहेत. साच्यातून निघालेल्या त्याच्या एका मूर्तीवर वेगळी पगडी चढवायची, किंवा साच्यातच पगडी कोरून टाकायची. दुसऱ्या मार्गात पुढे कष्ट नाहीत, प्रत्येक मूर्ती पगडीसकट निघेल. पण तोच साचा शेजारचा कारखानदार वापरत असेल तर? त्याच्या गिऱ्हाइकाला मुकुट हवाय. त्याने मुकुट वेगळा करून ठेवलाय, आणि मूर्ती निघते पगडीवाली.

जावास्क्रिप्टमध्ये या नमुन्याला नावच मुळी ‘प्रोटोटाइप’ आहे. तुम्ही लिहिलेली प्रत्येक यादी, म्हणजे ‘ॲरे’, एका सामाईक नमुन्याकडे बोट दाखवत असते. यादीला ‘सॉर्ट’ म्हटलं की ती स्वतःकडे शोधते, नाही सापडलं तर नमुन्याकडे जाते. त्या नमुन्यावर तुम्ही एक नवं फंक्शन टांगलंत की पेजवरच्या सगळ्या याद्यांना ते आपोआप येतं. इथे जोह्याची उपमा जरा तुटते, ते सांगायला हवं. साचा बदलला तरी आधी निघालेल्या मूर्ती होत्या तशाच राहतात. जावास्क्रिप्टमध्ये तसं नाही. नमुना बदलला की आधी तयार झालेल्या, रंगवलेल्या, गिऱ्हाइकाच्या देव्हाऱ्यात बसलेल्या मूर्तींनाही पगडी येते. आणि पेजवर कुणाकुणाचा कोड असतो? तुमचा, जाहिरातवाल्यांचा, पेमेंट गेटवेचा, नकाशाचा, शिवाय युजरने ब्राउझरमध्ये घातलेल्या एक्स्टेन्शन्सचा. नमुना एकच, हात पन्नास.

मग कुणी हे करतंच का? कारण २००५ साली परिस्थिती फार वाईट होती. ब्राउझर एकमेकांशी जुळत नव्हते आणि जावास्क्रिप्टच्या पोतडीत फारसं काही नव्हतं. यादीत अमुक गोष्ट आहे का, यादीतल्या याद्या मोडून एक सपाट यादी कशी करायची, अशा साध्या गोष्टींसाठी दर वेळी लूप लिहावा लागे. २००५ मध्ये ‘प्रोटोटाइप’ याच नावाची लायब्ररी आली, पाठोपाठ २००६ मध्ये ‘मूटूल्स’. दोघींनी ॲरे, स्ट्रिंग, फंक्शन यांच्या नमुन्यांवर डझनावारी फंक्शन्स टांगली. कोड वाचायला एकदम गोड झाला. रूबी भाषेची मंडळी तर यात आणखी पुढे होती. ‘रेल्स’सोबत येणाऱ्या ‘ॲक्टिव्ह सपोर्ट’ लायब्ररीमुळे चक्क ‘५.डेज.अगो’ असं लिहिता येतं. पाच हा साधा आकडा, त्याला दिवस विचारायचे आणि तो सांगणार. ज्यांनी हे पहिल्यांदा पाहिलं त्यांचा ‘वा!’ खोटा नव्हता.

त्याच २००६ मध्ये आलेल्या ‘जेक्वेरी’ने मात्र नमुन्याला हात न लावता मूळ गोष्टीभोवती स्वतःचं वेष्टन गुंडाळलं. २००९ मध्ये ‘अंडरस्कोर’ आणि २०१२ मध्ये ‘लोडॅश’ आलं. त्यांची तऱ्हा तिसरी, सगळी हत्यारं वेगळ्या पेटीत, यादी हवी तेव्हा त्यांच्या हातात द्यायची. दिसायला कमी देखणं. पण टिकलं कोण, ते तुमच्या एखाद्या सीनियरच्या प्रोजेक्टची पॅकेज फाइल उघडलीत की कळेल.

एका नावापायी

गोडव्याचं बिल यायला बारा वर्षं लागली. मार्च २०१८ मधली ही हकिकत इंटरनेटवर ‘स्मूशगेट’ म्हणून ओळखली जाते. जावास्क्रिप्टमध्ये नवीन काय यावं हे ‘टीसी३९’ ही समिती ठरवते. गुगल, ॲपल, मोझिला अशा कंपन्यांचे लोक त्यात असतात. समितीने ठरवलं की यादी सपाट करणारं फंक्शन आता भाषेतच द्यायचं, नाव ‘फ्लॅटन’. फायरफॉक्सने ते चाचणीच्या आवृत्तीत घातलं आणि एक चालती, लोकप्रिय वेबसाइट मोडली.

का मोडली, हे समजून घ्यायला दोन मिनिटं द्याच, कारण यात सगळा धडा आहे. मूटूल्सचं स्वतःचं ‘फ्लॅटन’ होतंच, आणि मूटूल्स ते मूळ फंक्शनच्या डोक्यावर बिनदिक्कत लिहीत असे. मग अडचण काय? नवं असो वा जुनं, मूटूल्सचंच चालणार ना? चाललं नाही. मूटूल्स पुढे आणखी एक काम करायची. ॲरेच्या नमुन्यावर जे जे काही ‘मोजणीत दिसतं’ ते सगळं लूपने गोळा करून ती आपल्या ‘एलिमेंट्स’ नावाच्या दुसऱ्या नमुन्यावर नकलून ठेवायची. भाषेची स्वतःची फंक्शन्स अशा लूपमध्ये दिसत नाहीत, ती मुद्दाम लपवलेली असतात. आणि आधीपासून लपवलेल्या जागी तुम्ही नवं फंक्शन ठेवलंत तर जागा लपलेलीच राहते. त्यामुळे ब्राउझरने ‘फ्लॅटन’ दिल्याबरोबर मूटूल्सचं ‘फ्लॅटन’ त्या मोजणीतून गायब झालं, एलिमेंट्सपर्यंत पोहोचलंच नाही, आणि त्यावर विसंबलेली पेजेस कोसळली. कुणाच्याही कोडमधली एक ओळ बदलली नव्हती. सगळे आपापल्या परीने बरोबर होते.

प्रस्ताव मांडणाऱ्याने गमतीत सुचवलं, नाव ‘स्मूश’ ठेवू या. अनेकांना ती गंमत वाटलीच नाही, ट्विटरवर रणकंदन झालं. ‘जुन्या साइट्स मोडल्या तर मोडू द्या, अपडेट करा म्हणावं’ असं एक मत होतं. ते ऐकायला बाणेदार वाटतं, पण त्यातल्या कित्येक साइट्स बनवणारा माणूस आज त्या कामात नसतो, कंपनी बंद झालेली असते. साइट मोडली तर त्रास होतो तो ती वापरणाऱ्याला, आणि त्याच्या लेखी ‘ब्राउझर अपडेट केला आणि बिघडलं’ एवढंच सत्य. म्हणून ब्राउझरवाल्यांचा अलिखित नियम आहे, वेब मोडायचं नाही. मे २०१८ मध्ये समितीने माघार घेतली आणि नाव ठरलं ‘फ्लॅट’. आज तुम्ही परीक्षेत ‘फ्लॅट’ लिहिता त्याचं कारण २००६-०७ च्या सुमारास कुणीतरी सोयीसाठी नमुन्यावर केलेली खोदाई.

हे एकदाच घडलं असतं तर अपघात म्हणून सोडून देता आलं असतं. यादीत एखादी गोष्ट आहे का ते सांगणारं फंक्शन ‘कंटेन्स’ होणार होतं. पुन्हा मूटूल्स आडवी आली, म्हणून ते ‘इन्क्लूड्स’ झालं. गट पाडणारं ‘ग्रुपबाय’ यादीच्या नमुन्यावरच येणार होतं. ‘शुगर’ नावाच्या लायब्ररीच्या जुन्या आवृत्त्यांशी टक्कर झाली, नाव बदलून पाहिलं तरी भागलं नाही, अखेर २०२४च्या आवृत्तीत ते नमुना सोडून ‘ऑब्जेक्ट’च्या हाती दिलं गेलं. खुद्द शुगरने आपल्या दुसऱ्या आवृत्तीत नमुन्यांना आपोआप हात लावणं बंद केलं, तुम्ही सांगितलंत तरच लावेल. मला वाटतं या सगळ्या वादात सर्वांत बोलकी घटना ती आहे.

रूबीवाल्यांचं वेगळं आहे हं. तिथे पेजवर पन्नास हात नसतात, सर्व्हर तुमचा, कोड तुमचा, आणि रेल्स हीच जणू भाषा झालेली. ॲक्टिव्ह सपोर्टची काही फंक्शन्स इतकी वापरली गेली की २०१६ अखेरच्या रूबी २.४ मध्ये ती भाषेनेच उचलली, ‘सम’ त्यातलंच. पण बारीक काटा तिथेही रुतलाच. ॲक्टिव्ह सपोर्टचं ‘सम’ शब्दांची यादी मुकाट्याने जोडून द्यायचं, रूबीचं स्वतःचं ‘सम’ अशा वेळी चूक दाखवतं. एकाच नावाची दोन वागणुकी. रेल्स ७ पासून ती जुनी सवय सोडवायला सुरुवात झाली. रूबीने मधल्या काळात ‘रिफाइनमेंट्स’ही आणले, म्हणजे तुमची भर तुमच्या फाइलपुरतीच दिसेल अशी सोय. फारसं कुणी वापरत नाही, पण कल्पना शहाणी आहे. कॉटलिनमधली ‘एक्स्टेन्शन फंक्शन्स’ आणि सी शार्पमधल्या २००७ पासूनच्या ‘एक्स्टेन्शन मेथड्स’ दिसायला अगदी मंकी पॅचिंगसारख्या. आत मात्र साच्याला धक्काही नाही, कंपायलर गुपचूप साध्या फंक्शनला हाक मारतो, आणि तुम्ही ते इम्पोर्ट केलं नसेल तर ते तुमच्यापुरतं नाहीच. पायथन तर सरळ हात झटकते. ‘एसटीआर’वर नवं काही टांगून पाहा, ‘टाइपएरर’ येईल. ही भाषा कडक आहे म्हणून आपण कुरकुरतो, पण इथे तिचं बरोबर आहे.

पुट्टीतली भेसळ

एक अपवाद सगळ्यांना मान्य होता, ‘पॉलिफिल’. हा शब्द आला पॉलिफिला या ब्रिटनमधल्या पुट्टीच्या नावावरून, भिंतीच्या भेगा बुजवायची ती पुट्टी. नव्या ब्राउझरमध्ये एखादं फंक्शन आहे, जुन्यात नाही, तर जुन्यात तेवढी भेग बुजवायची. आधी तपासायचं, फंक्शन असेल तर हात लावायचा नाही, नसेल तरच घालायचं, आणि घालायचं ते ठरलेल्या स्टँडर्डप्रमाणेच. यात गैर काही नाही.

‘पॉलिफिल डॉट आयओ’ ही सेवा तर इतकी सोयीची होती की एक ओळ पेजमध्ये टाकली की युजरच्या ब्राउझरला लागेल तेवढीच पुट्टी ती पाठवायची. फायनान्शियल टाइम्समध्ये काम करताना अँड्र्यू बेट्स यांनी हा प्रकल्प सुरू केला होता. फेब्रुवारी २०२४ मध्ये हे डोमेन ‘फननल’ नावाच्या कंपनीकडे गेलं. ‘डोमेनच्या विक्रीशी माझा संबंध नाही, साइटवरून ही ओळ काढून टाका’ असा इशारा बेट्स यांनी तेव्हाच दिला. किती जणांनी ऐकलं? जून २०२४ मध्ये ‘सॅनसेक’ या सुरक्षा कंपनीने उघड केलं की हीच सेवा आता मोबाइलवरच्या निवडक युजरना भलत्या साइट्सवर ढकलतेय. एक लाखाहून जास्त वेबसाइट्सवर ती ओळ होती. क्लाउडफ्लेअरने आपल्याकडून जाणाऱ्या पेजेसमध्ये तो पत्ता बदलला, मग डोमेनच बंद पाडलं गेलं.

यात तांत्रिक चूक कुणाची दाखवाल? साइट बनवणाऱ्याने विश्वास ठेवला तेव्हा माल चोख होता. ज्या हाताला आपण साचा उघडून दिला, तो हातच पुढे विकला गेला. ती ओळ जुन्या ट्युटोरियल्समध्ये, कॉपी होत होत एका बॅचकडून दुसऱ्या बॅचकडे गेलेल्या प्रोजेक्ट्समध्ये सापडू शकते. आज रात्री आपल्या मिनी प्रोजेक्टमध्ये शोधायला हरकत नाही.

लोडॅशबद्दलही एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण मघाशी मी तिला शहाण्या गटात बसवलं. नमुन्याला हात न लावणारी ही लायब्ररी २०१९ मध्ये नेमकी त्याच कारणासाठी बातमीत आली. तिच्या ‘डिफॉल्ट्सडीप’ या फंक्शनला बाहेरून मुद्दाम रचलेला डेटा दिला, तर तो डेटा सगळ्या ऑब्जेक्ट्सच्या मूळ नमुन्यावर जाऊन चिकटत असे. याला ‘प्रोटोटाइप पोल्यूशन’ म्हणतात. ४.१७.१२ या आवृत्तीत दुरुस्ती झाली. म्हणजे हत्यारांची पेटी वेगळी ठेवली तरी साच्याचं दार भाषेनेच उघडं ठेवलंय, तिथून कुणीही आत येऊ शकतं.

८ सप्टेंबरनंतर आठवडाभरातच ‘शाय-हलूद’ नावाचा किडा एनपीएममध्ये पसरला. तो एका डेव्हलपरच्या किल्ल्या चोरून त्याच्याच बाकी पॅकेजेसमध्ये स्वतःला घुसवायचा आणि तिथून पुढच्याकडे जायचा. अमेरिकेच्या सायबर सुरक्षा यंत्रणेने पाचशेहून अधिक पॅकेजेस बाधित झाल्याचं सांगितलं. यानंतर ‘लायब्ररीच नको, सगळं स्वतः लिहा’ असा सूर निघाला. तो मला पटत नाही. क्रिप्टोग्राफी, तारखा, टाइमझोन हे स्वतः लिहायला गेलात तर चोराची गरजच उरणार नाही. पण अकरा ओळींसाठी पॅकेज? मार्च २०१६ मध्ये ‘लेफ्ट-पॅड’ नावाचं अकरा ओळींचं पॅकेज त्याच्या लेखकाने वादातून काढून घेतलं आणि ‘बेबेल’सारख्या बड्या प्रकल्पांची बिल्ड बंद पडली. काम काय होतं, तर आकड्याच्या डावीकडे शून्यं भरणं. पुढच्याच वर्षी ते ‘पॅडस्टार्ट’ नावाने भाषेत आलं.

आणि इथे चित्र खरोखर बदललंय. २००५ची उपासमार आता नाही. २५ जून २०२५ला मंजूर झालेल्या आवृत्तीत दोन ‘सेट’मधलं सामाईक काढणं, फरक काढणं, एकत्र करणं हे सगळं थेट आहे, रेगेक्समधली विशेष चिन्हं निष्प्रभ करणारं ‘एस्केप’ आहे. खोल कॉपीसाठी ‘स्ट्रक्चर्डक्लोन’ ब्राउझरमध्येच आहे. मूळ यादी न बिघडवता क्रम लावणारं ‘टूसॉर्टेड’ २०२३ पासून आहे. इंटरव्ह्यूत ‘लोडॅश का वापरलंत?’ असं विचारलं तर ‘ट्युटोरियलमध्ये होतं’ याहून बरं उत्तर तयार ठेवा. चॅटबॉटने सुचवलेला कोडही याच नजरेने वाचा, तो दहा वर्षांपूर्वीच्या सवयी निरागसपणे समोर ठेवू शकतो. पॅकेज घेतलंच तर लॉक फाइल प्रोजेक्टसोबत ठेवा, आणि एखादी आवृत्ती निघाली त्याच तासात ती घ्यायची घाई करू नका. सप्टेंबरमध्ये त्या दोन तासांत ज्यांनी अपडेट केलं नाही ते या गोंधळातून आपोआप वाचले.

‘जोहे’ उलटं लिहा

राहिला आपला, मराठीचा मुद्दा, आणि याच्यावर कॉलेजात कुणी बोलत नाही. जावास्क्रिप्टच्या स्ट्रिंगला ‘रिव्हर्स’ नाही. त्यामुळे नमुन्याला हात लावायचा पहिला मोह बहुतेकांना इथेच होतो. अक्षरं सुटी करा, यादी उलटवा, जोडा, आणि टांगा स्ट्रिंगच्या नमुन्यावर. इंग्रजीत झकास चालतं. आता त्यात ‘जोहे’ घाला. कॉम्प्युटरच्या लेखी हा शब्द चार तुकड्यांचा आहे, ज, ओची मात्रा, ह, एची मात्रा. उलटल्यावर सुरुवातीलाच एक अधांतरी लोंबकळणारी मात्रा येते आणि पुढे ‘होज’. आपल्याला हवं होतं ‘हेजो’. ‘गणपती’ची लांबी विचारली तर पाच सांगेल, ‘मूर्ती’ची सहा. दोन अक्षरांचा शब्द, लांबी सहा!

समजा, तुम्ही जोह्यातल्या एखाद्या कारखानदार काकांसाठी ऑर्डरची साइट करताय. मूर्तीखाली नाव कोरायला दहा अक्षरांची मर्यादा ठेवलीत आणि मोजणी स्ट्रिंगच्या लांबीने केलीत, तर ‘श्रीकृष्ण’ हे तीन अक्षरी नाव नऊ जागा खाऊन बसेल. याहून थोडं मोठं नाव असेल तर गिऱ्हाइकाला कळणार नाही का नाकारलं. मग तुम्ही इंटरनेटवरून मात्रा-वेलांट्या ओळखणारा एक रेगेक्स उचलणार आणि तो नमुन्यावर चिकटवणार. इथेच थांबा. भाषेत यासाठी ‘इंटल’ नावाची पूर्ण सोय आहे. त्यातला ‘सेगमेंटर’ वाचणाऱ्याला दिसतात तशी अक्षरं सुटी करून देतो. क्रोममध्ये तो २०२० पासून आहे, सफारीत २०२१ पासून, आणि एप्रिल २०२४ मध्ये फायरफॉक्सने घेतल्यावर सगळीकडे झाला. किंमत लिहायलाही तसंच, ‘एमआर-आयएन’ सांगितलंत की एक लाख आपोआप ‘१,००,०००’ असा, आपल्या आकड्यांत आणि आपल्या स्वल्पविरामांनी येतो. यादीचा क्रम लावताना नुसत्या कोडच्या क्रमावर सोडलंत तर ‘ळ’ हा ‘ल’च्या लगेच मागे जाऊन बसतो, आपल्या वर्णमालेत तो ‘ह’नंतर येतो. त्यासाठी ‘कोलेटर’ला भाषा सांगायची.

आणि मुख्य म्हणजे हे नियमही हलतात. सप्टेंबर २०२३ मध्ये युनिकोडची १५.१ ही आवृत्ती आली, त्याआधी नियम जोडाक्षर तोडत असे. ‘मूर्ती’चे तुकडे पडायचे तीन, ‘मू’, मग पाय मोडका ‘र्’, मग ‘ती’. १५.१ मध्ये देवनागरी, बंगाली, गुजराती अशा काही लिप्यांसाठी जोडाक्षर अखंड ठेवायचा नियम आला, आणि ‘मूर्ती’ दोन अक्षरांची झाली, ‘मू’ आणि ‘र्ती’. ज्यांनी सेगमेंटर वापरला होता त्यांना आपल्या कोडमध्ये काहीही करावं लागलं नाही, ब्राउझरने नवा नियम घेतला की उत्तर सुधारतं. ज्यांनी २०१९ मध्ये उचललेला रेगेक्स स्ट्रिंगच्या नमुन्यावर टांगला, त्यांच्या साइटवर मूर्ती अजून तीन तुकड्यांत आहे. तुमच्या फोनवरचा ब्राउझर यातला कोणता हिशेब करतो, हे कन्सोलमध्ये तीन ओळी टाकून पाहता येतं. प्रोजेक्टची मर्यादा त्यानंतरच ठरवा.